विंचवाचे बिऱ्हाड, लेकीचे अंगण

ऑस्ट्रेलियात हजारो ज्येष्ठ नागरिक दरवर्षी चाकांवरचे घर घेऊन महिनोन्‌महिने देशभर फिरतात. या भटकंतीत निसर्गदर्शनाइतकेच महत्त्व नातलगांच्या आणि मित्रांच्या भेटींना असते. हजारो किलोमीटरवर पांगलेल्या कुटुंबांना जोडणाऱ्या या प्रवासपद्धतीचा, तिच्या नियमांचा आणि तिच्यातील अडचणींचा हा परिचय.

मे महिना उजाडला की ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण भागात थंडीची चाहूल लागते. मेलबर्न, अॅडलेड यांसारख्या शहरांतून घरासमोर ताडपत्रीखाली झाकून ठेवलेल्या कॅरॅव्हॅन बाहेर काढल्या जातात. टायरमधील हवा तपासली जाते, गॅसच्या टाक्या भरल्या जातात, पाण्याची टाकी धुतली जाते. नकाशावर पेट्रोल पंप आणि मुक्कामाच्या जागा यांवर खुणा होतात. त्याच नकाशाशेजारी आणखी एक यादी असते. ब्रिस्बेनला धाकटा भाऊ, डार्विनला जुना सहकारी, पर्थला मुलगी आणि नातवंडे. प्रवासाचा मार्ग पुष्कळदा या दुसऱ्या यादीवरूनच ठरतो.

पर्यटनाच्या आकडेवारीत या हेतूला स्वतंत्र स्थान आहे. सुटी, व्यवसाय यांच्याबरोबरीने ‘मित्र व नातलगांच्या भेटी’ हा प्रवासाचा एक प्रमुख प्रकार म्हणून ऑस्ट्रेलियातच नव्हे, तर जगभर मोजला जातो. कॅरॅव्हॅनच्या प्रवासात मात्र सुटी आणि भेट यांच्यातील सीमारेषा पुसट होते. नातलगाच्या गावी जाणारा प्रवासी पाहुणा असतो, पण त्याचे अंथरूण-पांघरूण, चूल आणि पाण्याचा साठा त्याच्याबरोबरच असतो. मराठीत ज्याला ‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ म्हणतात, तेच येथे शब्दशः खरे ठरते.

शब्दाचा प्रवास

‘कॅरॅव्हॅन’ या शब्दाचे मूळ फारसी ‘कारवाँ’ या शब्दात आहे. वाळवंटातून एकत्र जाणाऱ्या व्यापाऱ्यांचा तांडा, हा त्याचा मूळ अर्थ. युरोपीय भाषांत गेल्यावर तो झाकलेल्या गाडीसाठी वापरला जाऊ लागला आणि इंग्रजीतील ‘व्हॅन’ हे त्याचेच संक्षिप्त रूप होय. केवळ हौसेखातर अशा गाडीतून फिरण्याची प्रथा ब्रिटनमध्ये रुजली. नौदलात डॉक्टर म्हणून काम केलेले लेखक विल्यम गॉर्डन स्टेबल्स यांनी १८८५ मध्ये ‘द वाँडरर’ नावाची घोड्यांनी ओढायची गाडी खास बनवून घेतली आणि तीतून देशभर प्रवास केला. हौशी कॅरॅव्हॅनची ही सुरुवात मानली जाते. पुढे १९०७ मध्ये ब्रिटनमध्ये ‘कॅरॅव्हॅन क्लब’ स्थापन झाला. मोटारी आल्यानंतर घोड्यांची जागा इंजिनाने घेतली आणि ही हौस मध्यमवर्गीयांच्या आवाक्यात आली.

ऑस्ट्रेलियात ‘कॅरॅव्हॅन’ म्हणजे मोटारीच्या मागे जोडून ओढायचे चाकांवरचे घर. ज्या वाहनात इंजिन आणि घर एकत्र असते त्याला ‘मोटरहोम’ किंवा आकाराने लहान असल्यास ‘कॅम्परव्हॅन’ म्हणतात. भेटीगाठींच्या दृष्टीने हा फरक महत्त्वाचा आहे. कॅरॅव्हॅन नातलगाच्या अंगणात सोडून मोटार मोकळी करता येते. नातवाला शाळेतून आणणे, बाजारहाट करणे, डॉक्टरांकडे जाणे ही कामे त्यामुळे सोपी होतात. मोटरहोम घेऊन गेलेल्याला मात्र दूध आणण्यासाठीही अख्खे घर हलवावे लागते.

करड्या केसांचे भटके

या प्रवाशांमध्ये सर्वांत लक्ष वेधून घेणारा वर्ग निवृत्तांचा. त्यांना ‘ग्रे नोमॅड्स’, म्हणजे करड्या केसांचे भटके, असे म्हटले जाते. याच नावाचा एक ऑस्ट्रेलियन माहितीपट १९९७ मध्ये आला आणि तेव्हापासून हा शब्दप्रयोग सर्वतोमुखी झाला. मुले मार्गी लागलेली, नोकरी संपलेली, हातात निवृत्तिवेतन आणि अंगात अजून धडधाकटपणा, अशा टप्प्यावर हे लोक बाहेर पडतात. काही जण तीन-चार महिन्यांत परततात, काही वर्षभर फिरतात. काहींनी तर घर विकून कॅरॅव्हॅन हेच कायमचे घर केलेले असते.

यांच्यापैकी अनेकांचे स्वप्न असते ते ‘बिग लॅप’चे, म्हणजे संपूर्ण देशाला प्रदक्षिणा घालण्याचे. ‘हायवे वन’ या नावाने ओळखले जाणारे रस्त्यांचे जाळे किनाऱ्याकिनाऱ्याने साऱ्या मुख्य भूमीला वळसा घालते. त्याची लांबी सुमारे १४,५०० किलोमीटर आहे. टास्मानिया बेटावर नातलग असतील, तर व्हिक्टोरिया राज्यातील जिलाँग बंदरातून डेव्हनपोर्टला जाणाऱ्या जहाजावर कॅरॅव्हॅन चढवता येते. ही जहाजसेवा २०२२ पर्यंत मेलबर्नमधून सुटत असे.

ऋतूंचे गणित या प्रदक्षिणेत पाळावेच लागते. उत्तर ऑस्ट्रेलियात साधारण मे ते ऑक्टोबर हा कोरडा हंगाम असतो. नोव्हेंबर ते एप्रिल या काळात तेथे पावसाळा आणि चक्रीवादळे यांचे राज्य असते आणि रस्ते अनेकदा पाण्याखाली जातात. त्यामुळे डार्विनच्या मित्राकडे नाताळला जायचे म्हटले तर विमानानेच जावे. कॅरॅव्हॅनने गेल्यास परतीची वाट केव्हा खुली होईल, याचा भरवसा नसतो.

अंतरांनी पांगलेली घरे

ऑस्ट्रेलियाचे क्षेत्रफळ सुमारे ७७ लाख चौरस किलोमीटर आहे, म्हणजे भारताच्या दुपटीहून अधिक. मोठी शहरे मात्र किनाऱ्यावर आणि एकमेकांपासून दूर. मेलबर्न ते सिडनी हे अंतर सुमारे ८८० किलोमीटर, तर मेलबर्न ते पर्थ अॅडलेडमार्गे सुमारे ३,४०० किलोमीटर, मुंबई-दिल्लीच्या दुपटीहून जास्त. शिक्षण, खाणींतील नोकऱ्या, लग्न अशा कारणांनी मुले या टोकापासून त्या टोकाला जातात. विमानाने जाऊन चार दिवसांत परतणे शक्य असते, परंतु चार दिवसांच्या भेटीत यजमानाचा निम्मा वेळ सरबराईत आणि पाहुण्याचा निम्मा वेळ संकोचात जातो. कॅरॅव्हॅनने जाणारे आईवडील तीन आठवडे राहू शकतात आणि तरीही मुलीच्या घरातील एकही खोली अडत नाही.

पर्थकडे जाणारा रस्ता नलारबॉर या मैदानातून जातो. ‘एकही झाड नाही’ अशा अर्थाच्या लॅटिन शब्दांवरून हे नाव पडले आहे. तेथील एअर हायवे १९७६ मध्ये पूर्णपणे डांबरी झाला. बॅलाडोनिया ते कैगुना यांदरम्यान तो १४६.६ किलोमीटर एकही वळण न घेता सरळ धावतो. दोन पेट्रोल पंपांमध्ये काही ठिकाणी १८० ते १९० किलोमीटरचे अंतर असते. मागे कॅरॅव्हॅन असल्यास इंधन नेहमीपेक्षा बरेच अधिक लागते, हे लक्षात घेऊनच टाकी भरावी लागते. दिवसाला ४०० किलोमीटर या बेताने मेलबर्नहून पर्थला पोहोचण्यास आठ-नऊ दिवस लागतात. संध्याकाळनंतर गाडी चालवणे जाणकार टाळतात, कारण कांगारू तिन्हीसांजेला आणि पहाटे रस्त्यावर येतात.

अंगणातील मुक्काम

नातलगाच्या घरी कॅरॅव्हॅन लावणे ऐकायला सोपे वाटते. प्रत्यक्षात त्यासाठी आधीच विचारपूस करावी लागते. फाटकाची रुंदी, झाडांच्या खाली आलेल्या फांद्या, जमिनीचा उतार आणि गाडी मागे घेण्यापुरती रस्त्यावरील जागा, या चार गोष्टींची छायाचित्रे आधी मागवून घेणे शहाणपणाचे असते.

विजेचा प्रश्न तांत्रिक आहे. ऑस्ट्रेलियात कॅरॅव्हॅनची वीजजोडणी १५ अँपिअरची असते, तर घरातील साधा सॉकेट १० अँपिअरचा. १५ अँपिअरच्या प्लगची अर्थिंगची पट्टी रुंद असते आणि ती साध्या सॉकेटमध्ये बसतच नाही. ती कानशीने घासून बसवण्याचा उद्योग धोकादायक आहे. सर्किट ब्रेकर असलेला खास अॅडॉप्टर वापरणे किंवा यजमानाने वीजतंत्रज्ञाकडून १५ अँपिअरचा स्वतंत्र सॉकेट बसवून घेणे, हे दोनच सुरक्षित मार्ग. ज्यांच्याकडे आईवडील दरवर्षी येतात, अशी अनेक घरे दुसरा मार्ग पत्करतात. भिंतीवर बसलेला तो सॉकेट म्हणजे एक प्रकारे पुढच्या वर्षीचे आमंत्रणच असते.

पिण्याच्या पाण्यासाठी बागेतला साधा रबरी पाइप न वापरता खाद्यपदार्थांसाठी सुरक्षित असा वेगळा पाइप लावतात. शौचालयाची टाकी यजमानाच्या बागेत रिकामी करण्याचा प्रश्नच येत नाही. त्यासाठी गावोगावी ‘डंप पॉइंट’ नावाच्या सार्वजनिक सोयी असतात. भांडी धुतलेले पाणीही कोठे सोडायचे, हे यजमानाला विचारूनच ठरवावे.

कायद्याचा भागही दुर्लक्षून चालत नाही. खासगी जागेत कॅरॅव्हॅनमध्ये किती दिवस राहता येईल, याचे नियम राज्याराज्यांत आणि नगरपरिषदांनुसार वेगवेगळे आहेत. काही ठिकाणी मोजक्याच रात्रींची मुभा असते, काही ठिकाणी परवानगी घेऊन दीर्घकाळ राहता येते. शेजाऱ्याने तक्रार केल्यास नोटीस यजमानाच्या नावे येते, पाहुण्याच्या नव्हे. म्हणून स्थानिक परिषदेच्या कार्यालयात आधी चौकशी करणे, हा पाहुण्याच्या शिष्टाचाराचाच एक भाग ठरतो.

पाहुणचाराची नवी रीत

घरात खोली रिकामी असताना आईवडिलांनी अंगणात का झोपावे, असा प्रश्न मराठी मनाला पडणे स्वाभाविक आहे. ऑस्ट्रेलियन ज्येष्ठ याकडे वेगळ्या दृष्टीने पाहतात. पहाटे चारला जाग आली तर चहा करताना कोणाची झोपमोड होत नाही. औषधे, चष्मा, उशी आपापल्या जागी असतात. जावयाला सकाळच्या घाईत स्नानगृहासाठी थांबावे लागत नाही. नातवंडांना तर आजीआजोबांचे हे छोटे घर म्हणजे पर्वणीच. रात्री कोणी त्यात झोपायचे, यावरून भांडणे होतात.

तरीही ताण येतातच. वीज आणि पाण्याच्या बिलाचा विषय कोणी काढत नाही, पण तो असतो. घरी दिवसभर असलेल्या आजीआजोबांवर मुले सोपवून जाण्याची सवय यजमानांना लागते आणि सहा आठवड्यांचा मुक्काम विनावेतन पाळणाघरात बदलतो. उलट, ‘आज निघू, उद्या निघू’ करत लांबलेला मुक्काम यजमानालाही जड होतो. यावर अनुभवी प्रवाशांचा साधा उपाय असा, की पोहोचण्याआधीच निघण्याचा दिवस सांगून ठेवायचा. पोहोचण्याचा दिवस मात्र ते सैल ठेवतात. तीन हजार किलोमीटरच्या वाटेवर टायर फुटतो, वारा उलटा सुटतो, एखादे गाव आवडून जाते. ठरलेल्या दिवशी जेवायला पोहोचण्यासाठी रात्रीचा प्रवास करणे, ही अपघाताला दिलेली हाक ठरू शकते.

शाळांचे वेळापत्रकही पाहावे लागते. ऑस्ट्रेलियात बहुतेक शाळांचे वर्ष जानेवारीच्या अखेरीस सुरू होते आणि ते चार सत्रांत विभागलेले असते. सुटीत नातवंडे मोकळी असतात, पण तेव्हाच कॅरॅव्हॅन पार्क भरलेले आणि महागलेले असतात. अंगणातील जागा त्या दिवसांत विशेष उपयोगी पडते.

भेटवस्तू आणि तपासणी नाका

भारतीय माणूस नातलगाकडे रिकाम्या हाताने जात नाही, तसा ऑस्ट्रेलियन माणूसही परसातील लिंबे, टोमॅटो, मधाची बाटली असे काहीतरी घेऊन निघतो. येथे मात्र राज्यांच्या सीमा आड येतात. फळमाशीसारख्या किडी आणि मधमाश्यांचे रोग पसरू नयेत म्हणून काही राज्यांत शेतीमालाच्या प्रवेशावर कडक निर्बंध आहेत. पूर्वेकडून पश्चिम ऑस्ट्रेलियात शिरताना सीमेवरच्या नाक्यावर कॅरॅव्हॅनचा फ्रिज आणि कपाटे तपासली जातात आणि ताजी फळे, भाज्या, मध काढून घेतला जातो. उलट दिशेने येताना दक्षिण ऑस्ट्रेलियातील सेडुना येथे अशीच तपासणी होते. माहीतगार प्रवासी नाक्याच्या आदल्या मुक्कामावर उरलेल्या भाज्यांचे सूप करतात आणि लेकीसाठी फळांऐवजी दुसरे काही नेतात.

याच पट्ट्यात घड्याळही प्रवाशांची परीक्षा पाहते. अॅडलेड आणि पर्थ यांच्या वेळेत हिवाळ्यात दीड तासाचा फरक असतो, तर सीमेजवळच्या युक्ला परिसरात या दोहोंच्या मधली, पाऊण तासाच्या फरकाची वेळ स्थानिक लोक पाळतात. ‘सहा वाजता फोन करतो’ असे सांगताना कोठले सहा, हे स्पष्ट करावे लागते.

वाटेवरची मैत्री

जुन्या नात्यांबरोबर या प्रवासात नवी नातीही जुळतात. कॅरॅव्हॅन पार्कमध्ये संध्याकाळी पाचच्या सुमारास लोक आपापल्या घडीच्या खुर्च्या घेऊन एकत्र बसतात. पुढचा रस्ता कसा आहे, पाणी कोठे मिळेल, कोणता डॉक्टर चांगला, ही माहिती येथेच मिळते. रस्त्यावर असताना यूएचएफ रेडिओवर गप्पा चालतात. मालवाहू ट्रकवाल्यांची वाहिनी ४०, तर कॅरॅव्हॅनवाल्यांची १८, असा संकेत आहे. मागून ५३ मीटर लांबीची ‘रोड ट्रेन’ येत असेल, तर तिच्या चालकाशी दोन शब्द बोलून वाट देणे सर्वांच्याच हिताचे असते.

अशा ओळखी पुढच्या वर्षीच्या यादीत दाखल होतात. एका मुक्कामावर आठवडाभर शेजारी राहिलेले जोडपे ‘आमच्या गावावरून जाल तेव्हा अंगणात लावा’ असे सांगून पत्ता देते. ते आमंत्रण मनापासून असते. मात्र जाण्याआधी एक फोन करावा, आपल्या वीजपाण्याची सोय आपण करावी आणि दोन-तीन रात्रींहून अधिक थांबू नये, असा अलिखित नियम पाळला जातो.

दूर असण्याची किंमत

या जीवनाची दुसरी बाजूही आहे. प्रवासी पासष्टी-सत्तरीचे, आणि मोठे रुग्णालय शेकडो किलोमीटरवर. दुर्गम भागासाठी १९२८ मध्ये क्वीन्सलँडमधील क्लॉनकरी येथून सुरू झालेली ‘रॉयल फ्लाइंग डॉक्टर सर्व्हिस’ आजही हजारो रुग्णांना विमानाने हलवते. नलारबॉरच्या रस्त्यावर काही ठिकाणी डांबरी सडकच धावपट्टी म्हणून आखलेली आहे. जोडप्यातील एकालाच कॅरॅव्हॅन ओढता येत असेल आणि नेमका तोच आजारी पडला, तर दुसरा निर्मनुष्य माळावर अडकतो. म्हणून दोघांनीही गाडी चालवणे, मागे घेणे आणि जोडणे-सोडवणे शिकावे, असा सल्ला आवर्जून दिला जातो. दोन टनांहून अधिक वजनाच्या कॅरॅव्हॅनला सर्व चाकांना ब्रेक आणि ती मोटारीपासून सुटल्यास आपोआप लागणारा ब्रेक असणे कायद्याने बंधनकारक आहे.

घर विकून निघालेल्यांचा प्रश्न अधिक नाजूक. बँकेची पत्रे, वाहन परवाना, डॉक्टरांची तारीख यांसाठी कोठला तरी पत्ता लागतो, आणि तो बहुधा मुलाचा किंवा मुलीचा असतो. वर्षातून एकदा त्या पत्त्यावर पोहोचणे ही मग भेटही असते आणि गरजही.

ही गरज किती खरी आहे, ते २०२० मध्ये दिसले. करोनाची साथ पसरताच मार्च २०२० मध्ये अनेक राज्यांनी सीमा बंद केल्या आणि कॅरॅव्हॅन पार्क सर्वसाधारण प्रवाशांना मिटले. ‘घरी जा’ असे सांगितले गेले, पण अनेकांचे घर तेच होते. दुसरा निवारा नसलेल्यांना पार्कमध्ये राहू देण्यात आले. इतरांनी मुलांच्या अंगणाची वाट धरली. पश्चिम ऑस्ट्रेलियाने ५ एप्रिल २०२० रोजी सीमा बंद केली. अधूनमधून काही राज्यांसाठी ती सैल झाली, तरी पूर्णपणे खुली झाली ती ३ मार्च २०२२ रोजी. जी जोडपी सीमेच्या अलीकडे होती, त्यांना पलीकडे जन्मलेले नातवंड पाहण्यासाठी दीर्घकाळ थांबावे लागले. चाके असूनही जाता येत नाही, हा अनुभव या भटक्यांना नवा होता.

मराठी माणसासाठी

२०२१ च्या जनगणनेनुसार ऑस्ट्रेलियातील परदेशात जन्मलेल्यांमध्ये भारतीयांचा क्रमांक इंग्लंडखालोखाल दुसरा आहे. त्यात मराठी कुटुंबेही आहेत. मुलांकडे सहा महिने राहायला जाणारे पुण्या-मुंबईचे आईवडील दोन-तीन महिन्यांनी चार भिंतींना कंटाळतात. अशा वेळी भाड्याने कॅम्परव्हॅन घेऊन सगळ्यांनी मिळून दुसऱ्या शहरातील भाच्याकडे किंवा शाळासोबत्याकडे जाणे, हा उपाय करून पाहण्यासारखा आहे. वाटेत स्वतःच्या हाताने केलेला वरणभात मिळतो, हा मोठा दिलासा.

महाराष्ट्र शासनानेही २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण जाहीर केले. केरळने त्याच वर्षी अशी योजना आणली. दोन्हीकडे भर आहे तो भाड्याच्या वाहनांवर आणि त्यांच्या थांब्यांवर. आपल्याकडील अरुंद गल्ल्या आणि सोसायट्यांचे पार्किंग पाहता नातलगाच्या दारात चाकांवरचे घर उभे करणे शहरांत अवघडच. गावाकडच्या वाड्याचे अंगण मात्र अजून मोठे आहे.

अशा अंगणात दोन आठवडे राहून एके सकाळी कॅरॅव्हॅन पुन्हा मोटारीला जोडली जाते. विजेची तार गुंडाळली जाते, पाण्याचा पाइप काढला जातो, पायऱ्या आत घेतल्या जातात. गाडी फाटकाबाहेर पडली की गवतावर पिवळी पडलेली एक आयताकृती जागा उरते. पुढच्या पावसात ती पुन्हा हिरवी होते आणि तोवर पुढच्या हिवाळ्यातील मुक्कामाची तारीख फोनवर ठरू लागलेली असते.